एकदाच नीट बसवा, दर महिन्याला वापरा!

मे महिन्याचा पहिला आठवडा. डोक्यावर पंखा गरगरतोय आणि मी एप्रिलची बिलं टॅलीत घेतेय. सेकंड इयरच्या सुट्टीत एका छोट्या वितरकाकडे काम करत होते. ऑर्डर यायच्या अॅपवर, साठायच्या डेटाबेसमध्ये आणि हिशेब असायचा टॅलीत. मधला पूल कोण? तर मी! डेटाबेसमधून फाइल काढायची, एक्सेलमध्ये उघडायची, नको ते रकाने उडवायचे, पार्ट्यांची नावं नीट करायची आणि टॅलीत टाकायची. माझ्या आधीची मुलगी दर महिन्याला हेच करायची. कसं करायचं ते तिच्या डोक्यात होतं. ती नोकरी सोडून गेली, सोबत ते सगळं घेऊन गेली.

संध्याकाळी अकाउंटंट काकांनी हाक मारली. ''अगं, मे महिन्यातच ४ डिसेंबरची विक्री कशी काय झाली?''

मी बघतच राहिले. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची होती. आधी महिना, मग दिवस. त्यामुळे १२ एप्रिलचं झालं ४ डिसेंबर आणि ३ एप्रिलचं झालं ४ मार्च. आता गंमत बघा, डिसेंबर निदान डोळ्यांत खुपला. पण १, २ आणि ३ एप्रिलची बिलं जाऊन बसली जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये. म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात! ती शोधायला दोन दिवस गेले. ओरडा खाल्ला तो वेगळाच.

तेव्हा वाटलं, मी वेंधळी आहे. आज वाटतं, वेंधळेपणा होताच. पण खरा घोळ त्या पद्धतीत होता. जे काम दर महिन्याला तस्संच करायचंय, ते दर महिन्याला नव्याने हाताने का करायचं?

याला उपाय आहे आणि तो महागडा नाही. एक्सेल २०१६ पासून 'पॉवर क्वेरी' एक्सेलमध्येच येते. 'डेटा' टॅबमध्ये 'गेट डेटा' दिसतं ना, तेच. डेटाबेसला किंवा एखाद्या फोल्डरमधल्या फाइलला ते जोडायचं. कुठले रकाने ठेवायचे, कुठल्याचं नाव काय, तारीख भारतीय पद्धतीने वाचायची, हे एकदा सांगायचं. प्रत्येक पायरी ओळीने नोंदली जाते. पुढच्या महिन्यात फक्त 'रिफ्रेश'. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये एक्सेलची फाइल थेट घेता येते, कुठला रकाना कुठे जाणार हेही ठरवून ठेवता येतं.

पण बटण दाबलं की झालं, असंही नाही हं. चार गोष्टी पाळाव्याच लागतात. एक, डेटाबेसचं लॉगिन मागताना फक्त वाचण्यापुरतं मागा. चुकून काही पुसलं जायला नको. दोन, बिल नंबर, पिनकोड, खाते क्रमांक हे 'आकडे' नसून 'मजकूर' आहेत, असं आधीच सांगा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गायब होतात आणि एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. तीन, एकच बिल दोनदा आत येणार नाही, याची तपासणी बिल नंबरवर ठेवा. चार, शेवटी जुळवणी. तिकडे किती बिलं, इकडे किती? तिकडची बेरीज किती, इकडची किती? जुळलं नाही तर पुढे जायचं नाही.

जुळवणी नसली की काय होतं? २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांचे कोरोना अहवाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्याच ओळी मावतात. वरचं गळलं. १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. तिथे हुशार माणसं नव्हती का? होती. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, हे बघणारी पायरी नव्हती.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं तर इंटर्नला ठेवतील कशाला? भीती खोटी नाही. नुसतं कॉपी-पेस्ट करणाऱ्याची गरज कमी होणारच. पण ४ डिसेंबरची विक्री बघून 'हे कसं शक्य आहे?' असं विचारणारं माणूस लागणारच आहे. त्या दिवशी ते काका होते. आपण ते व्हायला हवं. आणि ऑफिसांनीही एक लक्षात घ्यावं : सहा महिने पोरांकडून रकाने उडवून घेणं म्हणजे काम शिकवणं नव्हे.

कॉलेजांकडे तर एकच मागणी आहे. प्रॅक्टिकलला एक्सेलचे फॉर्म्युले पाठ करून घेता ना, त्याऐवजी एक असाइनमेंट द्या. खरा डेटा घ्या, इम्पोर्ट बसवायला सांगा आणि सोबत एक पानभर लिहायला लावा : डेटा कुठून येतो, काय बदलतो, अडलं तर काय बघायचं. मग ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवा. पुढच्या आठवड्यात त्याने नव्या डेटावर, एकही प्रश्न न विचारता ते चालवून दाखवायचं. चाललं तर मार्क दोघांना!

कारण सेटिंग कॉम्प्युटरमध्ये राहते, पण तिच्यामागचं कारण कागदावर लिहावं लागतं. त्या ऑफिसमधून निघताना मी तसं एक पान लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलं होतं. पहिली ओळ होती : 'आधी तारीख बघ.'

तुमच्या जागी उद्या कोणीतरी बसणार आहे. तिच्यासाठी काय ठेवून जाताय?