आधी बाग, मग ताबा

विमानतळ सुरू झाल्यावर पनवेलमध्ये जमिनीला कितीही भाव आला, तरी उद्यानासाठी राखलेला एकही भूखंड दुसऱ्या कामी वळवू नये, अशी आमची ठाम भूमिका आहे.

वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी जाऊन पाहावे. आगरी आजी नातवामागे धावते, मल्याळी परिचारिका ड्यूटीआधी बाकावर टेकते, गुजराती आणि कोकणी मुस्लिम ज्येष्ठांची राजकारणावरून हुज्जत चालते. गृहसंकुलांच्या खासगी बागांत हे घडत नाही. तिथे रखवालदार आधी फ्लॅट क्रमांक विचारतो. सार्वजनिक बागा आक्रसल्या, तर शेजारी लिफ्टमध्येच भेटतील, तेही आपापल्या ऐपतीचे.

सिडको आणि पनवेल महापालिकेने उद्यानांच्या राखीव भूखंडांची प्रभागनिहाय यादी तातडीने जाहीर करावी आणि नव्या वसाहतींत बाग खुली झाल्याशिवाय इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.