कॅमेरा कुणाच्या हातात?

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या एमआयडीसीत कॅमेरा नवा नाही. पण त्यातलं चित्रण सहसा उघडलं जातं ते काही चोरीला गेलं, कुणाला लागलं, कुणाची चूक शोधायची असली की. माझं म्हणणं एवढंच आहे : ज्याच्या कामाचं चित्रण, ते त्याच्याच हाती द्या आणि बघताना शेजारी एक जाणतं माणूस द्या.

मागच्या महिन्यात याच भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत असं शेजारी बसायची संधी मला मिळाली. चौथीचा वर्ग, अपूर्णांकांचा पाठ. बाईंनी मोबाइल खिडकीत पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. शाळा सुटल्यावर आम्ही तो पाठ बघायला बसलो. पहिली पाच मिनिटं बाई स्वतःलाच बघत होत्या : आवाज किती चिरका येतोय, किती वेळा ‘कळलं ना?’ म्हणतेय. एकटं बघणारं माणूस इथेच खजील होतं आणि फोन बंद करतं. मी म्हटलं, “बाई, आता फक्त पोरांकडे बघा. थांबवायचं कुठे, ते तुम्हीच ठरवा.”

फळ्यावर भाकरी काढून त्यांनी विचारलं होतं, “अर्ध्या भाकरीचे दोन सारखे तुकडे केले, तर एक तुकडा केवढा?” आणि लगेच स्वतःच सांगून टाकलं, “एक चतुर्थांश.” तिथे बाईंनी थांबवलं. मागे नेलं, पुन्हा लावलं. खिडकीलगतची मुलगी पुटपुटत होती, “चतकोर.” वर्गात त्या थांबल्याच नव्हत्या, म्हणून ते त्यांच्या कानांवर आलंच नव्हतं.

अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात.

बी.एड. झालेल्यांना सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ते सुरू झालं, तेव्हा व्हिडिओ त्यात होता. आपल्याकडे ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा ६ आणि ६, असं ३६ मिनिटांचं चक्र आलं. व्हिडिओ परवडणारा नव्हता, म्हणून सोबतचे छात्राध्यापक तक्ता भरायचे. माझ्या तक्त्यांवर ‘फलकलेखन सुधारावे’ असे शेरे असत. ते वाचून माझं फलकलेखन सुधारलं नाही, कारण ते मला कधी दिसलंच नाही.

शेजारच्या माणसाने मात्र शेरा मारायचा नाही. मिशिगनमध्ये नॉर्मन कागन यांनी १९६० च्या दशकात समुपदेशकांसाठी जी रीत बसवली, तीत सोबत्याचं काम फक्त विचारणं : त्या क्षणी मनात काय चाललं होतं?

केंद्राच्या शिक्षण परिषदेत असं चित्रण बघायला अर्धा तास द्यावा. केंद्रप्रमुखांनी सोबती व्हावं, पण ते चित्रण मागू नये. ते गोपनीय अहवालात जाऊ नये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. उपक्रमांचे फोटो वर पाठवता पाठवता शिक्षक आधीच दमलेत, आणि त्या चित्रणात लेकरांचे चेहरे असतात. बघून झालं की पुसून टाकावं.

बाईंनी आठवड्याने दुसरा पाठ चित्रित केला. या वेळी प्रश्न विचारून त्या थांबल्या. तीन हात वर आले, खिडकीलगतचा नाही. पडद्यावर ते बघून त्या म्हणाल्या, “फळ्यावर आधी चतकोर लिहायला हवं होतं, सर. उद्या लिहिते.”