लेखकाचे संकेतस्थळ: एक पुष्पिका

मोहाडी तालुक्यातील करडी हे आमचे गाव. भंडारा जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. धानाचे बांध, मामा तलाव आणि दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्र जागवणारी दंडार, एवढी आमची ओळख पुरे. या परिसरात लिहिणारी माणसे मात्र पुष्कळ आहेत. पदरचे पैसे घालून पाचशे प्रती काढायच्या, शाळेच्या सभागृहात प्रकाशन करायचे, शंभर-दोनशे प्रती भेट द्यायच्या आणि उरलेला गठ्ठा माळ्यावर ठेवायचा, हा इथल्या ग्रंथव्यवहाराचा नित्यक्रम आहे.

अशाच एका कवीच्या निधनानंतर त्यांचा मुलगा आमच्याकडे एक सीडी घेऊन आला. कवितासंग्रहाची अक्षरजुळणी तिच्यात होती. वडिलांच्या कविता सर्वांना वाचता याव्यात, एवढीच त्याची इच्छा. धारिका उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग उमटली. संग्रह जुन्या टंकात जुळवलेला होता. त्या काळच्या टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. टंक असेल तर कविता, नसेल तर कचरा.

हे पाहताना आम्हांला महानुभावांची आठवण झाली. चक्रधरांचे शिष्य निळभट्ट भांडारेकार यांना परंपरा भंडाऱ्याचेच मानते, म्हणून ही आठवण आम्हांला घरचीच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत नोंदवले. त्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजलेले असे. पंथाबाहेरच्या डोळ्यांपासून ग्रंथ सुरक्षित राहिले, पण मराठी वाचकालाही ते शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ते दार उघडले, तेव्हा कुठे मराठी गद्याचा आरंभकाळ आपल्याला दिसला. महानुभावांनी ते जाणूनबुजून केले होते. आमच्या पिढीने मात्र नकळत, केवळ छापखान्याच्या सोयीसाठी, आपले वाङ्मय सांकेतिक लिपीत कोंडले. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ सालीच, देवनागरीला जागा मिळालेली होती. आपण तिच्याकडे फार उशिरा वळलो.

टंक बदलणारी साधने आता मिळतात. त्यांतून त्या कविता बऱ्याचशा परत आल्या, पण जोडाक्षरे फुटलेली होती. ती दुरुस्त करायला दिली, तेव्हा दुसरेच संकट उभे राहिले. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो. कवीने ‘डोरा’ लिहिले होते, दुरुस्ती करणाऱ्याने इमानेइतबारे ‘डोळा’ केले. ‘पानी’चे ‘पाणी’ झाले. प्रत्येक दुरुस्ती शुद्ध होती आणि प्रत्येक दुरुस्तीत कवी थोडा थोडा पुसला जात होता. शेवटी छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. काही ठिकाणी छापील प्रतीतलाच शब्द संशयास्पद होता. ती मुद्रणाची चूक की कवीचा शब्द, हे सांगणारा माणूस उरला नव्हता.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, लेखकाने आपले संकेतस्थळ हयातीतच आणि आपल्या हाताने उभारावे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ही आत्मप्रौढी नव्हे काय? लेखकाने लिहावे, मिरवू नये. या आक्षेपामागची मर्यादाशीलता आम्हांला प्रिय आहे, पण तिचा आधार चुकीचा आहे. जुनी पोथी शेवटी पुष्पिका देते. ग्रंथ कोणी रचला, कोणी लिहून घेतला, कोणत्या शकात, कोणत्या गावी, हे तिच्यात असते. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही शके १२१२ हा काळ आणि सच्चिदानंदबाबा या लेखनिकाचे नाव आहे. त्याला कोणी मिरवणे म्हणत नाही. संकेतस्थळ ही लेखकाची पुष्पिका आहे. सत्कारांची छायाचित्रे आणि फिरती शुभेच्छापत्रे तिच्यात नसली तरी चालेल. पुस्तकांची सूची, प्रत्येकाचे साल, आवृत्ती, प्रत कुठे मिळेल ते, निवडक संहिता, बोलीतील शब्दांचे अर्थ आणि छापील पुस्तकातल्या चुकांचे शुद्धिपत्र मात्र असावे. ‘डोरा हा माझाच शब्द आहे’ हे एक वाक्य लेखकाने लिहून ठेवले असते, तर आमचे कितीतरी दिवस वाचले असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: समाजमाध्यमे फुकट असताना हा खटाटोप कशाला? जिओसिटीजवर अनेकांनी हौसेने पाने थाटली होती. तिथला मुख्य कारभार २००९ साली बंद झाला. ऑर्कुट २०१४ साली मिटले, गूगल प्लस २०१९ साली. तिथे रंगलेल्या चर्चा आज शोधून सापडत नाहीत. दुसऱ्याच्या ओसरीवर गप्पा जरूर माराव्यात, पण घरचे कागदपत्र तिथे ठेवू नयेत.

अर्थात स्वतःचे संकेतस्थळही आपोआप टिकत नाही. त्याचे नाव आपण विकत घेत नाही, मुदतीने भाड्याने घेतो. ते बांधून देणाऱ्याच्या नावावर न घेता लेखकाच्या नावावर घ्यावे आणि परवलीचे शब्द घरातल्या एका विश्वासू माणसाला लिहून द्यावेत. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी नावाचीही सोय आहे. सोबत रोमन नाव असलेले बरे. मजकूर युनिकोडमध्येच असावा. पानांची नुसती छायाचित्रे चढवली तर डोळ्यांना कविता दिसते, पण शोधणाऱ्याला तिच्यातला शब्द सापडत नाही.

चढवण्यापूर्वी प्रकाशकाशी झालेला करार वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. अनेक लेखकांना आपले हक्क परत आलेले आहेत हेच ठाऊक नसते. हाच कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांचा हक्क राखतो. वारसांनी संकेतस्थळाचे भाडे भरले नाही, तर ते मात्र थोड्याच काळात नाहीसे होते. हक्क साठ वर्षांचा आणि घर जेमतेम वर्षाचे, ही विसंगती प्रत्येक लेखकाने ध्यानात ठेवावी.

छापील पुस्तकाला निदान कायद्याचा आसरा आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. स्वतःच प्रकाशक झालेल्या किती ग्रामीण लेखकांनी हे केले आहे? आधी तेवढे करावे. संकेतस्थळ पुस्तकाची जागा घेण्यासाठी नाही. त्या पाने इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी जतन करून घ्यावीत, म्हणजे आपले दार बंद झाले तरी त्यांची नक्कल उरेल. पोथीही अनेक हातांनी उतरवली गेली म्हणूनच टिकली.

त्या कवीचा संग्रह आता वाचता येतो. ज्या शब्दांविषयी आमची खात्री पटली नाही, तिथे आम्ही छापील रूप तसेच ठेवून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. अशी सतरा प्रश्नचिन्हे आहेत. त्यांची उत्तरे देऊ शकणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्याच गावात, आमच्या हाकेच्या अंतरावर राहत होता. आम्ही वेळेवर विचारले नाही. लिहित्या हातांनी तरी आता वेळ दवडू नये.