शौचकूपाच्या घडणीविषयी

काही विषय असे असतात की ज्यांच्यावाचून एकाही मनुष्याचा एकही दिवस जात नाही, आणि तरीही ज्यांच्याविषयी चारचौघांत बोलणे आपण असभ्यपणाचे मानतो. शौचकूप हा त्यांपैकीच एक. शाळेच्या वार्षिकात ह्या विषयावरील लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. तथापि यंदाच्या विज्ञान-प्रदर्शनात फेरफटका मारताना जो विचार आमच्या मनात आला, तो काही केल्या जाईना. दालनात अग्निबाण होते, फेस ओकणारे ज्वालामुखी होते, सूर्याच्या उष्णतेवर चालणारी आदर्श नगरे होती. परंतु दालनाच्या मागील बाजूस जे शौचकूप आहेत, त्यांतील भांडे याहून चांगले घडवता येईल काय, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याला, आणि खरे सांगायचे तर आम्हां शिक्षकांपैकीही एकाला, पडलेला दिसला नाही.

वास्तविक ह्या भांड्याचा इतिहास बुद्धिमान माणसांचा इतिहास आहे. 1775 साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने शौचकूपाच्या खालील नळीला वाक देऊन तिचे पेटंट घेतले. त्या वाकात थोडे पाणी नेहमी साठून राहते व गटारातील दुर्गंधी वर येण्याचा मार्ग बंद होतो. आपल्याकडील गवंडी ज्याला 'कोंबडा' म्हणतात तो हाच. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1778 साली, जोसेफ ब्रामाने भांड्याच्या तळाशी बिजागरीवर उघडझाप करणारी झडप बसवली. हा ब्रामा मूळचा सुतार, आणि पुढे कुलुपांसाठी प्रसिद्धीस आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील कुंभारकामाच्या कारखान्यांनी कोंबड्यासह एकसंध चिनी मातीचे भांडे काढले. (मोहेंजोदडोच्या गटारांचा अभिमान आम्हांलाही आहे, परंतु साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गटाराकडे बोट दाखवून आजच्या तुंबलेल्या गटाराची लाज झाकता येत नाही.) तेव्हापासून टाकी खाली आली, साखळीच्या जागी कळ आली, रंग बदलले, पण भांड्याची व त्यावरील बैठकीची मूळ आकृती जवळजवळ तशीच राहिली.

येथेच आमची पहिली तक्रार आहे. खुर्चीसारखे बसण्याचे जे भांडे आपण 'कमोड' म्हणून घरोघरी बसवीत आहोत, ते कागद वापरणाऱ्या लोकांसाठी घडले. आपण पाणी वापरणारे लोक. कागद वापरणाऱ्याच्या घरी बैठक कोरडी राहते. आपल्याकडे लोटा असो की भिंतीवरचा फवारा, बैठक भिजल्याशिवाय राहत नाही. भिजलेली बैठक पुढच्या माणसाला किळसवाणी वाटते, म्हणून तो तिच्यावर बसण्याऐवजी पाय ठेवून उकिडवा बसतो. त्याच्या पादत्राणांची माती बैठकीला लागते, आणि तिसरा माणूस तर तिला स्पर्शही करू इच्छीत नाही. चिनी मातीचे भांडे अशा वजनाने कधी फुटते आणि त्याची धार शस्त्रासारखी लागते. अशा वेळी आपण माणसाला अडाणी म्हणून मोकळे होतो. आमच्या मते चूक पुष्कळशी वस्तूची आहे. पुढील बाजूस मोकळी सोडलेली, घोड्याच्या नालेसारखी बैठक परदेशांतील सार्वजनिक शौचकूपांत फार वर्षांपासून आहे. तीत हात व पाणी घेऊन जाण्यास वाट मिळते आणि ओले होण्यास जागाच कमी उरते. कागद वापरणाऱ्यांना जी सुचली, ती पाणी वापरणाऱ्यांच्या घरांत अभावानेच दिसावी, हे नवल आहे.

आता बिजागरीकडे वळू. आमच्या शाळेत स्वच्छतेचे काम करणाऱ्या मावशींना आम्ही विचारले की, संपूर्ण शौचकूपात सर्वांत त्रासाचा भाग कोणता? आमची अपेक्षा होती की त्या तळाकडे बोट दाखवतील. त्यांनी बैठकीच्या मागील दोन बिजागऱ्या दाखवल्या. बिजागरी आणि भांडे यांच्यामध्ये बोटभर फट असते. तीत कुंचा शिरत नाही, फडके शिरत नाही. दात घासण्याचा जुना ब्रश त्यासाठी त्यांनी राखून ठेवला आहे, आणि तोही पोचला नाही तर नखाने खरवडावे लागते. दुसरी जागा त्यांनी दाखवली ती भांड्याच्या काठाखालची पन्हळ. पाणी ज्या छिद्रांतून उतरते त्या छिद्रांभोवती कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार धरतात, त्यांवर घाण धरते, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. भांडे वरून शुभ्र, म्हणून मुख्याध्यापक संतुष्ट, आणि तपासणीस आलेले अधिकारीही संतुष्ट!

या दोन्ही दोषांवर उपाय अस्तित्वात आहेत. एक कळ दाबताच संपूर्ण बैठक उचलून हाती येईल, अशा बिजागऱ्या आज मिळतात. बैठक बाजूला ठेवून खालची जागा धुता येते. काठाखालची पन्हळच काढून टाकलेली भांडीही मिळतात. त्यांत पाणी उघड्यावरून फिरते, आणि हात पोचणार नाही असा कोपरा राहत नाही. झाकण आपटू नये म्हणून बिजागरीत घट्ट वंगण भरलेली नळी बसवतात. तिच्या विरोधामुळे झाकण सावकाश उतरते. ही सावकाश उतरण्याची सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात व उचलता येणाऱ्या बैठकीची लहान अक्षरांत, कारण विकत घेणारा झाकणाचा आवाज ऐकतो, पण फट स्वतः घाशीत नाही. बिजागरीचे मळसूत्र सैल झाले तर ते आवळण्याची चाकी भांड्याच्या मागे, भिंतीच्या कडेला, अशा ठिकाणी असते की तेथे पाना घालण्यास नटाचे कौशल्य हवे. मग ते आवळलेच जात नाही. बैठक बाजूला सरकते, आणि घरातील म्हातारे माणूस तीवर बसताना तोल जाऊन पडते.

म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न आम्हांला सर्वांत अवघड वाटतो. आमच्या वाचक-कुटुंबांपैकी कितीतरी घरांत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी असेल. कोणाच्या घरी लग्नाला जायचे तर 'तिकडे कमोड आहे का?' हा तिचा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर नकारार्थी असेल तर ती 'तुम्ही जाऊन या' म्हणते. दुसरीकडे, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे अलेक्झांडर कायरा यांनी 1966 साली स्नानगृहावरील आपल्या ग्रंथात शरीराच्या ठेवणीचा बारकाईने विचार केला व उकिडव्या बसण्याकडेच झुकणारी, प्रचलित कमोडपेक्षा ठेंगणी बैठक अधिक स्वाभाविक ठरवली. म्हणजे पोटाला जे मानवते ते गुडघ्याला मानवत नाही. हा पेच खरा आहे, आणि एकाच उंचीच्या भांड्याने तो सुटणार नाही. उंच बैठकीपुढे पायांखाली एक लहान चौरंग ठेवणे व भिंतीला धरण्यास भक्कम दांडी बसवणे, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. काठावर पाय ठेवण्याच्या जागा आणि वर बैठक असे जे दुहेरी भांडे 'अँग्लो-इंडियन' नावाने विकले जाते, त्याविषयी मात्र आमचे मत चांगले नाही. ते दोघांचीही सोय करू पाहते आणि दोघांनाही घसरवते.

आपल्या देशी, जमिनीलगतच्या भांड्याचीही कथा सांगितली पाहिजे, कारण बहुतेक शाळांत तेच आहे. जुन्या लांबट भांड्याचा तळ जवळजवळ सपाट असतो. मैला तेथेच पडून राहतो व त्याला ढकलण्यास बादलीभर पाणी लागते. ग्रामीण शौचकूपांसाठी आणि बिंदेश्वर पाठक यांनी 1970 साली स्थापिलेल्या सुलभ संस्थेच्या दोन खड्ड्यांच्या शौचकूपांसाठी जे भांडे रूढ झाले, त्याचा उतार 25 ते 28 अंशांचा असतो, आणि कोंबड्यात पाण्याचा थर अवघा 20 मिलिमीटर. भूमितीच्या तासाला हे फळ्यावर काढून पाहावे: 27 अंशांच्या उतारावर दर 10 सेंटिमीटर लांबीस सुमारे 5 सेंटिमीटर उतरण मिळते. गुरुत्वाकर्षण फुकट मिळते, म्हणून दीड ते दोन लिटर पाण्यात भांडे स्वच्छ होते.

समजा एखाद्या शाळेत 800 विद्यार्थी आहेत व प्रत्येकाने दिवसातून एकदा पाणी सोडले. जुन्या टाकीतून एका वेळी 10 लिटर पाणी जात असेल तर दिवसाला 8000 लिटर, आणि 2 लिटर पुरत असतील तर 1600. आपल्या इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरील जलूदहून उपसून, घाट चढवून आणावे लागते. ते शुद्ध करून, विजेवर पैसा खर्चून, शेवटी केवळ सपाट तळाच्या चुकीची भरपाई करण्यासाठी गटारात सोडायचे! अमेरिकेने 1992 साली कायदा करून 1994 पासून नव्या घरगुती शौचकूपांना सुमारे 6 लिटरांची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात 1980 साली दोन कळांची टाकी निघाली, लहान कामास अर्धे पाणी व मोठ्यास पूर्ण. कायदा होताच अमेरिकेतील पहिली काही भांडी दोन-दोनदा पाणी मागू लागली, कारण पाणी कमी केले तरी भांड्याचा आकार तोच होता. पुढे आकार सुधारला तेव्हाच ती मर्यादा लोकांना मानवली.

हा विषय आपल्या लोकांना परका नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1948 साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला. भंगीमुक्तीच्या ध्यासाने त्यांनी तेथे असे संडास तयार केले की मैल्याचे खत व्हावे आणि कोणाही माणसाला तो डोक्यावर वाहावा लागू नये. ब्राह्मण कुळातील, उच्चशिक्षित मनुष्य आयुष्यभर संडासाच्या घडणीत डोके घालतो, यात आम्हांला पुष्कळांच्या काव्यग्रंथांहून अधिक थोरवी दिसते. आमच्या इंदुरातही 1924 ते 1931 या काळात आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेणमूत यांपासून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. त्याआधी 1917 साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी येथे दिवाळीत स्वच्छतेची मिरवणूक काढली. तीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि सफाई-कामगारांना शुभ्र वस्त्रे व फुले देऊन मानाने चालवले होते. त्या मिरवणुकीचा आम्हांला आदरच वाटतो. परंतु त्या घटनेस शंभराहून अधिक वर्षे लोटली. हाताने मैला उपसण्यास बंदी करणारे कायदे 1993 व 2013 साली झाले. शहराने 2017 साली देशातील स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळवला. आणि मावशी अजून बिजागरीची फट नखाने खरवडत आहेत.

लहान मुलांविषयी दोन शब्द. पाऊल ठेवण्याच्या दगडांमधील अंतर प्रौढ माणसाच्या बेताने ठेवलेले असते. पहिली-दुसरीचे मूल तेथे पाय फाकवून उभे राहते आणि खालच्या भोकात आपण पडू या भीतीने कडेलाच विधी उरकते. मग शिक्षा मुलाला होते. मोठ्या मुलींचे दुःख निराळे आहे. ओली, डळमळती बैठक व न लागणारी कडी यांना भिऊन त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात. मुलांसाठी व मुलींसाठी वेगळी शौचालये असावीत असे 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. वेगळी असावीत इतके पुरेसे आहे काय, हे मुलींनाच विचारले पाहिजे. आम्ही ज्या थोड्या जणींना विचारले त्यांनी आधी मान खाली घातली, आणि मग बऱ्याच गोष्टी सांगितल्या.

काही पालक म्हणतील की, हे सारे खर्चाचे काम आहे. काही अंशी ते खरे आहे. बांगलादेशात गेल्या दशकात जे प्लॅस्टिकचे भांडे निघाले, त्याच्या तळाशी वजनाने आपोआप मिटणारी लहानशी झडप आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या ब्रामाच्या झडपेचीच ती साधी नात म्हणावी. तिने माश्या व दुर्गंधी अडते आणि भांडे गरिबाला परवडते. उतार अधिक देण्यास माती जास्त लागत नाही. पाऊल-दगड चार बोटे जवळ बसवण्यास गवंडी जास्त मजुरी मागत नाही. उचलता येणाऱ्या बिजागरीस थोडे अधिक पैसे पडतात, एवढेच.

म्हणून आम्ही मुख्याध्यापकांकडे एक मागणी केली आहे. पुढील वर्षीच्या प्रदर्शनात एक टेबल या विषयासाठी राखून ठेवावे. नववीच्या वर्गाने शाळेतील प्रत्येक भांड्याचा उतार कोनमापकाने मोजावा, एका वेळी किती पाणी जाते ते मापाने लिहावे, बिजागऱ्यांची चित्रे काढावीत, आणि परीक्षक म्हणून इतर पाहुण्यांबरोबर मावशींना बसवावे. मुख्याध्यापकांनी टेबलाला होकार दिला आहे. परीक्षकांच्या यादीविषयी ते अद्याप विचार करीत आहेत.