सलाईनने न उतरणारा ताप

२०२३चा उन्हाळा जळगाव-धुळ्याकडचे कापूसवाले विसरले नसतील. आदल्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी कापूस राहत्या घरातच भरून ठेवला. भाव घसरत गेला आणि त्या ढिगाशेजारी झोपणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटली. खाजेची बातमी झाली, कारण ती दिसत होती. त्याच खोलीत रात्ररात्र आढ्याकडे बघत पडलेल्या माणसाची बातमी होत नाही. तो आठवड्याने दवाखान्यात जातो आणि सांगतो, अंग दुखतं, भूक नाही, वावरमा मन लागत नही. त्याला सलाईन लावतात. (आमच्या खान्देशात सलाईन लागल्याशिवाय दुखणं मोठं झालं असं कुणी मानतही नाही.)

त्याचं दुखणं खोटं नसतं. ताप आल्यावर आपण अंथरूण सोडत नाही, तोंडाला चव नसते, कुणी बोलायला आलं तरी नको वाटतं. हे सगळं जंतू करत नाहीत. जंतूंशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची रसायनं सोडतं, त्यांचा निरोप मेंदूला पोचतो आणि मेंदू माणसाला आडवं करतो. ताण महिनोन्महिने राहिला तर जंतू नसतानाही असे निरोप जात राहू शकतात. एरवी दाह, म्हणजे शरीराची ही आतली सूज, आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक सतत वाढलेलं राहिलं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या राखणदार पेशी, बिथरतात. हा नुसता तर्क नाही. हिपॅटायटिस सी या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. तेही सायटोकाइनच. ती सुरू झाल्यावर थोड्याथोडक्या नव्हे, बऱ्याच रुग्णांना नैराश्याने गाठलं.

पण म्हणून नैराश्य म्हणजे मेंदूची सूज, असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. वाढलेला दाह नैराश्याच्या साधारण चौघांपैकी एका रुग्णाच्या रक्तात सापडतो. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध साठ रुग्णांच्या चाचणीत तपासून पाहिलं, निष्कर्ष २०१३ साली छापून आले: सरसकट फायदा नाही, रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, जास्त असलेल्यांतच थोडा कल दिसला. तेव्हा उद्या कुणी सुजेच्या तपासणीचं पॅकेज विकायला आला तर पैसे खिशातच ठेवा. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाण्याचा उद्योगही नको. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत, पाणी कमी पडलेल्या अंगावर त्या मूत्रपिंडाचं वाटोळं करू शकतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. शेतकऱ्यांच्या मनाची काळजी घ्यायला राज्याने २०१५मध्ये प्रेरणा प्रकल्प आणला, तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. त्यात बुलढाणा होता, शेजारचा जळगाव नव्हता, धुळेही नव्हता. मलकापूर आणि मुक्ताईनगरच्या मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. कर्जाला आणि कापसाच्या भावाला ती माहीत नाही. धुळ्यात हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८पासून शासकीय महाविद्यालय आहे. पण साक्रीचा किंवा पारोळ्याचा माणूस ‘मानसोपचार’ अशी पाटी असलेल्या दारात सहसा पाऊल ठेवत नाही. तो गावच्याच डॉक्टरकडे जातो.

म्हणून विनंती गावच्या डॉक्टरांनाच. सलाईनची बाटली टांगण्याआधी दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत मन वारंवार खिन्न राहिलं का? आवडत्या कामातली गोडी गेली का? उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं विचारा आणि गरज पडल्यास चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवा. घरच्यांनी, जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.