शुश्रूषा या शब्दाचा अर्थ

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आम्हांस आलें. त्यांचे धाकटे दीर तीन महिन्यांपासून खोलीबाहेर येत नाहींत. जेवणाचें ताट दाराशीं ठेवावें लागतें. रात्रीं ते कोणाशीं तरी हळू आवाजांत बोलत असल्याचें ऐकूं येतें. डॉक्टरांनीं निदान केलें आहे, औषधेंहि चालू आहेत. पत्राच्या शेवटीं त्या लिहितात, "गोळी केव्हां द्यावयाची तें डॉक्टरांनीं सांगितलें, परंतु भावोजींशीं बोलावें कसें, हें कोणींच सांगितलें नाहीं. घरांत आम्ही नऊ माणसें, आणि नऊ जणांचे नऊ उपदेश चालतात."

हें पत्र वाचून आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली. ती सांगण्यास संकोच वाटतो. परंतु तिच्यापासून दुसऱ्या एका घरास कांहीं लाभ होत असेल, तर संकोच बाजूस ठेवावा हेंच बरें.

अकरा वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा आजारी पडला. वय तेवीस, स्वभाव अबोल, अभ्यासांत चांगला. प्रथम झोप गेली, मग नोकरी गेली; पुढें शेजारीपाजारी आपल्याविषयींच बोलतात असें तो म्हणूं लागला. आम्ही चौतीस वर्षें मास्तरकी केलेली. समोर बसलेल्यास समजावून सांगावें ही संवय हाडांत मुरलेली. रोज रात्रीं त्याच्या उशाशीं बसून आम्ही गीतेचे श्लोक अर्थासह सांगत असूं. 'मनाचा निग्रह कर', 'तुला काय कमी आहे?', 'तुझ्या वयाचे असतांना आम्हीं किती सोसलें' हा पाठ त्यानंतर होई. तो निमूटपणें ऐकून घेई, आणि उपदेश लागूं पडत आहे अशी आमची समजूत होई.

पुढें त्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें. छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो हा आजार, असें निदान झालें. एके दिवशीं आम्ही भेटीस गेलों असतां तो एकाएकीं म्हणाला, "काका, तुम्ही भिंतीमागून माझी निंदा करतां." आम्ही म्हणालों, "अरे, आम्ही तर तुझ्यासमोर बसलों आहों! भिंतीमागें कोणी नाहीं. भलतेंसलतें बोलूं नकोस." त्यानें तोंड फिरविलें.

तेथील सिस्टर हें पाहत होत्या. त्यांनीं एक स्टूल ओढून घेतलें व त्याच्या अगदीं समोर न बसतां किंचित् बाजूस बसल्या. कांहीं वेळ त्या बोलल्याच नाहींत. मग म्हणाल्या, "मला ते आवाज ऐकूं येत नाहींत. पण तुम्हांला येतात, आणि त्यांचा त्रास होतो, हें दिसतें आहे. आतां काय म्हणतात ते?"

बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "मी सगळ्यांना भार झालों आहें म्हणतात."

"कधीं असेंहि म्हणतात कां, कीं जीव देऊन टाक?"

आमच्या काळजांत चर्र झालें. असा प्रश्न कोणी विचारतें काय? परंतु मुलानें मान हलविली. "रोज म्हणतात. काका श्लोक सांगत बसतात ना, तेव्हां तर मोठ्यानें म्हणतात."

सिस्टरांनीं शांतपणें पुढचें विचारलें: मनांत कांहीं ठरविलें आहे काय? त्यानें तेंहि सांगितलें. "मला सांगितलेंत हें फार बरें केलेंत," त्या म्हणाल्या, "हें मी डॉक्टरांना सांगणार आहें, आणि आज रात्रीं तुमच्याजवळ कोणी तरी राहील." गुप्त ठेवण्याचें खोटें वचन त्यांनीं दिलें नाहीं.

बाहेर आल्यावर आम्ही त्यांस आमची शंका विचारली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, विचारल्यानें हा विचार मनांत शिरत नाहीं. तो आधींच आलेला असतो. विचारल्यानें माणूस त्याच्याशीं एकटा राहत नाहीं." घरीं येऊन आम्हीं परसांतील विहिरीवर जाळी बसविली, आणि औषधांचा डबा वहिनींच्या कपाटांत कुलुपांत गेला. जें दोन महिने उशाशीं बसून आम्हांस कळलें नाहीं, तें त्या बाईंस अर्ध्या घटकेंत कळलें.

त्या रात्रीं आम्हांस एक शब्द आठवला. शुश्रूषा हा शब्द आम्हीं शेंकडों मुलांस फळ्यावर फोड करून शिकविला आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणें, या धातूस इच्छार्थक प्रत्यय लागून तो होतो. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, तशी शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ तिच्या मागून आला. शब्दाची फोड आम्हांस येत होती, पण त्याचा अर्थ आम्हीं रुग्णालयांतील स्टुलापाशीं शिकलों. गीतेचेंहि तसेंच. पहिल्या अध्यायांत अर्जुन बोलतो, आणि भगवंतांच्या मुखीं त्या साऱ्या अध्यायांत एकच वाक्य आहे. आम्हीं मात्र आरंभ दुसऱ्या अध्यायापासून केला होता.

ही विद्या केवळ दयाळूपणाची नव्हे, ती शिकण्याची आहे. चरकसंहितेंत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, परिचारकाच्या ठायीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत असें म्हटलें आहे. आधुनिक काळांत या विद्येस शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय अमेरिकेंतील हिल्डेगार्ड पेप्लाउ (१९०९–१९९९) या परिचारिकेकडे जातें. परिचारिका आणि रोगी यांचा परस्परसंबंध हाच शुश्रूषेचा गाभा होय, असें प्रतिपादणारा तिचा ग्रंथ १९४८ मध्यें लिहून तयार होता. परंतु परिचारिकेनें डॉक्टरास सहलेखक न घेतां ग्रंथ लिहावा, हें त्या काळीं प्रकाशकांस रुचेना. म्हणून तो १९५२ मध्यें प्रसिद्ध झाला. ती सांगते कीं, परिचारिका आणि रोगी प्रथम एकमेकांस परकेच असतात. म्हणून परक्या माणसाशीं आपण ज्या अदबीनें वागतों, तीच अदब रोग्यास मिळाली पाहिजे. हें वाक्य आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पाहुण्याच्या खोलींत आपण दार वाजवून जातों. आजारी पुतण्याच्या खोलींत मात्र थेट शिरतों.

आतां वाचक-भगिनीच्या प्रश्नाकडे वळूं. भावोजींस ऐकूं येणारे आवाज किंवा त्यांच्या मनांतील संशय यांवर वाद घालूं नये. वादानें ते दृढच होतात. तसेंच, खोटी मान डोलावून होकारहि देऊं नये. 'मला तसें दिसत नाहीं. पण तुम्हांस भीति वाटते हें कळतें' एवढें खरें बोलावें. 'बरें आहे ना?' असें विचारल्यास 'हो' म्हणून बोलणें संपतें. त्यापेक्षां 'रात्र कशी गेली?' असें विचारावें. 'असें कां केलेंत?' या प्रश्नांत आरोप ऐकूं येतो, म्हणून 'कां' शक्य तों टाळावें. 'सगळें ठीक होईल' हें आश्वासन बोलणाराचें समाधान करतें, ऐकणाराचें तोंड मात्र बंद करतें. वाक्यें लहान असावींत, एका वेळीं एकानेंच बोलावें, आणि उत्तरास वेळ लागला तर थांबावें. मौनांत जवळ बसणें हेंहि बोलणेंच आहे. रोग्यासमक्ष त्याच्याविषयीं कुजबुज तर मुळींच करूं नये. जीव देण्याचा विचार येतो कीं काय, अशी शंका आली तर सरळ विचारावें. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटें न ठेवतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें.

घरांतील नऊ उपदेशांविषयींहि शास्त्रानें पाहिलें आहे. १९७२ मध्यें लंडन येथें जॉर्ज ब्राउन व त्यांचे सहकारी यांनीं या आजारांतून घरीं परतलेल्या रोग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. ज्या घरांत टीका, रोष किंवा अति काळजीचा भडिमार होता, तेथें नऊ महिन्यांत शेंकडा ५८ रोगी पुन्हा आजारी पडले. जेथें तसें नव्हतें, तेथें शेंकडा १६. घरच्यांमुळें रोग होतो असा याचा अर्थ नव्हे, आणि मायेच्या बोलण्यानें औषधाचें काम भागतें असाहि नव्हे. औषध सोडूं नये. परंतु ज्या हवेंत तें घ्यावयाचें ती हवा घरच्यांच्या हातीं असते. आमच्या देशांत १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून रोग्यांसमवेत त्यांच्या नातलगांस राहूं दिलें, तें घरचें माणूस उपचारांतील भागीदार आहे हें ओळखूनच. म्हणून नऊ जणांनीं एकत्र बसून ठरवावें: रोजचें बोलणें कोणीं करावयाचें, औषध कोणीं द्यावयाचें, आणि बाकीच्यांनीं आपला उपदेश आवरावयाचा.

'लोक काय म्हणतील' या भयानें किंवा पोलिसांच्या धास्तीनें कित्येक घरें हें दुखणें लपवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वयें आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरलें जातें. शिक्षा नव्हे तर शुश्रूषा त्यास देय आहे. २०२२ पासून सरकारनें 'टेलि-मानस' नांवाची विनामूल्य दूरध्वनि-सेवा चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथें रोग्यानेंच बोलावें असें नाहीं, घरच्यांनींहि विचारावें.

आमचा पुतण्या आतां चौतीस वर्षांचा आहे. गोळ्या नेमानें घेतो, एका दुकानाचे हिशेब लिहितो. आवाज पूर्ण गेले नाहींत. संध्याकाळीं तो ओसरीवर येऊन बसतो, तेव्हां आम्ही पोथी मिटून बाजूस ठेवतों. कधीं तो अर्धा तास कांहींच बोलत नाहीं. कधीं म्हणतो, "काका, आज कमी आहेत." आम्ही म्हणतों, "बरें झालें, सांगितलेंस." याहून अधिक कांहीं बोलण्याची आम्हांस आतां घाई नसते.