सायकल काढण्याआधी वही काढा!

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत सायकलवरून साताऱ्याहून कासला जायचं ठरतंय ना? (फुलं तोवर संपलेली असतात, पण गर्दीही संपलेली असते!) मग आधी वही-पेन्सिल घ्या. अंतर साधारण 25 किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर तासाला 15 किलोमीटर सहज होतात. पण इथे सुरुवातच यवतेश्वरच्या घाटाने! तेव्हा चार तास धरा.

पुढे रानातल्या कच्च्या रस्त्याला वळायचं, तर किलोमीटर नव्हे, तास मोजा. खडी-मुरमावर तासाला 6-7 किलोमीटर झाले तरी पुष्कळ. तिथे चाकातली हवा किंचित कमी करा, पकड चांगली बसते. फार कमी केलीत, तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर झालीच म्हणून समजा! डांबरावर आलात की पुन्हा भरायची. म्हणजे पंप हवाच. जादा ट्यूब आणि पानाही. ट्यूब बदलायला मात्र घरीच शिका बरं का.

कासहून बामणोलीकडे मस्त उतार आहे, थेट कोयनेच्या जलाशयापर्यंत. पण परतताना तोच चढ! नोव्हेंबरात सहालाच अंधारतं. म्हणून दुपारी एकला, असाल तिथून मागे फिरा. आई-बाबांनो, ही वेळ आणि वाट कागदावर लिहून घ्या. डोंगरात मोबाइलची रेंज कधीही जाते.